निर्गुडीशी बोलणारा शेजारी

सदर नावाच्या मोहल्ल्यातला आमचा शेजारी तारघरात कारकून होता. माणसांशी तो तारेइतकं मोजकं बोले, आमच्या दोघांच्या अंगणांमधल्या निर्गुडीच्या कुंपणाशी मात्र भरभरून. तिला शेळी तोंड लावत नाही, सापही फिरकत नाही, असं तो शपथेवर सांगे. पाला तोडण्याआधी दुखणेकऱ्याचं नाव तिला सांगायचं, नाहीतर गुण येत नाही, हा त्याचा रिवाज. गल्लीतल्या सगळ्या गुडघ्यांच्या बातम्या मी तिथेच कान लावून मिळवल्या.

मग मी कुंपण तोडून भिंत घालायचं ठरवलं. त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं. विटा आल्या आणि त्या रचताना माझी कंबर धरली. माझी बोंब गल्लीभर गेली.

सकाळी कुंपणातून आवाज आला, "दोन डहाळ्या घेऊन राहिलो वं माय. कंबर धरली त्याची." तो थांबला. "कोनाची काय पुसतं? त्या भिंतवाल्याची." पुन्हा थांबला, आणि शेवटी माझं नाव पुटपुटला, वडिलांच्या नावासकट.

त्याने उंबऱ्यावर आणून ठेवलेल्या पाल्याच्या शेकाने कंबर सुटली. त्या विटांनी मी निर्गुडीला आळं बांधलं.

तो कुंपणाशी आला, एक वीट पायाने सारखी केली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वाकडं झालं गा."