चाचांनी मागे घेतलेली दवंडी

डफावर एकच थाप मारायची आणि गप्प उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. दुसरे दवंडीवाले ढमढम वाजवत, ओरडत पेठेतून निघून जायचे. आमचे चाचा मात्र तिकटीवर, जिथं तीन रस्ते मिळतात तिथं, मधोमध उभे राहायचे, एक थाप द्यायचे आणि आभाळाकडं बघत राहायचे. लोक दारात यायचे. काय झालं? कोण गेलं? तीस-चाळीस डोकी जमली की मगच चाचा तोंड उघडायचे.

"चार थापा मारल्या तर लोक म्हणत्यात, दवंडी हाय," ते मला सांगत. "एक मारली की म्हणत्यात, झालं काय? कळलं का, खिळेमास्तर?"

खिळेमास्तर म्हणजे मी. महाराजांच्या अमदानीत कोल्हापुरातल्या एका छापखान्यात मी जुळारी होतो. शिशाचा एकेक अक्षरखिळा उचलून ओळ लावायची, हे माझं काम. हँडबिलं आम्ही छापायचो. पण वाचता येणारे थोडे, म्हणून तोच मजकूर चाचा तोंडानं पेठापेठांत पोचवायचे. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो थापा मारतोय हे कळत असूनही आपले पाय जागचे हलत नाहीत. चाचा तसे होते. उंच, किडकिडीत, दाढीला मेंदी, आणि आवाज असा, की पंचगंगेच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबावेत.

नाटक कंपनी गावात उतरली, की एकही तिकीट विकायच्या आधी त्यांची दवंडी सुरू व्हायची, "फुडच्या रांगा संपल्या! मागं थोडी जागा हाय!" केसांचं तेल आलं, की "दरबारातल्या बायका हेच लावत्यात!" मी एकदा विचारलं, "चाचा, दरबारातलं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुठल्या दरबारातलं, ते मी कुठं म्हणलोय? भावकीचा बी दरबार असतोय की!"

दंतमंजनाच्या वेळी तर त्यांनी कबनूरहून आपला मेहुणा आणून गर्दीत उभा केला. चाचांचं बोलणं संपायच्या आत तो ओरडायचा, "मला दोन पुड्या द्या!" त्याचं बघून दहा जण पुढं यायचे. एकदा एका म्हातारीला संशय आला. तिनं त्याचं तोंडच उघडायला लावलं. आत एकही दात नव्हता! आता चाचा सापडले, असं मला वाटलं. पण ते गरजले, "बघा मावशी, येळंवर मंजन घेतलं न्हाय की असं हुतंय!" त्या दिवशी पुड्या संपल्या.

मग प्लेग आला.

घराघरांतून उंदीर पडायला लागले. सरकारचं सांगणं होतं, गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला जा आणि प्लेगची लस टोचून घ्या. लोक सुईला प्लेगपेक्षा जास्त भ्यायचे. सुईनं माणूस मरतो, वंश बुडतो, काय वाटेल ते बोललं जाई. नेमका तेव्हा परगावाहून एक शेट आला. जरीचा रुमाल, लाल औषधाच्या बाटल्या, नाव 'प्लेगनाशक अर्क'. त्याचं हँडबिल मी जुळवलं. 'घर सोडू नका! सुई टोचून घेऊ नका! दोन थेंब पुरेत!' आणि खाली, 'मोठमोठ्या वैद्यांनी वाखाणलेला.' कुठले वैद्य, ते मी विचारलं नाही. सगळ्यात मोठे खिळे मात्र हौसेनं काढले.

चाचांनी तो अर्क आठ दिवस गाजवला. "फुडच्या पेठंनं घेतला, तुमीच मागं ऱ्हायलासा!" लोक तुटून पडले.

चाचांच्या भिंतीला भिंत लागून एक रंगारी राहायचा. नवरा-बायको लुगडी रंगवायचे. त्यांच्या घरात उंदीर पडला, तरी ती दोघं माळावर गेली नाहीत. घरात दोन बाटल्या होत्या ना! चौथ्या दिवशी रंगारी गेला. चाचा त्यांच्या दाराशी गेले, तेव्हा मी बरोबर होतो. बाई रडत नव्हती. रंगानं निळे झालेले तिचे हात. त्या हातांनी तिनं अर्धी बाटली पुढं केली.

"चाचा, आमचं काय चुकलं ओ? तुमी दोन थेंब म्हणलासा. मी दोनच दिलं. ज्यादा द्याला पायजे हुतं काय?"

चाचांनी ती बाटली हातात घेतली आणि तशीच घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छापखान्यात आले. "मास्तर, ते वैद्य कोण?"

"कुणी नाही, चाचा. शेटनं लिहून आणलं, मी जुळवलं."

"आणि मी वरडलो," ते म्हणाले. "चला माझ्यासंगं."

आम्ही टोचणाऱ्या डॉक्टरांकडं गेलो. चाचा दवंडी द्यायला तयार आहेत म्हटल्यावर ते खूश झाले. "सांगा लोकांना, काही होत नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं."

"खरंच काय बी हुत न्हाय?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "ताप येतो. हात सुजतो. एक-दोन दिवस."

"आणि टोचलं की प्लेग हुतच न्हाय?"

"एखाद्याला होतो. पण न टोचलेल्यांपेक्षा पुष्कळ कमी."

"मग हेच सांगतो."

"अहो, लोक घाबरतील!"

"घाबरू द्यात. माझ्या दवंडीनं घाबरली न्हाईत, तेच वंगाळ झालं."

तो बाजाराचा दिवस होता. तिकटीवर शेटचं दुकान मांडलेलं. चाचांनी त्याच्यासमोरच थाप दिली. गर्दी जमली. शेट खुशीत हसला. त्याला वाटलं, आपलीच दवंडी!

"पावणं हो," चाचा म्हणाले, "आठ दिस मी तुमास्नी फसवलं."

शेटचं हसणं थांबलं.

"फुडच्या पेठंनं घेतला म्हणलो. फुडच्या पेठंत जाऊन तुमचं नाव सांगितलं! वैद्यांनी वाखाणला म्हणलो. वैद्य कोण, मला ठावं न्हाय. हे खिळेमास्तर हाईत, ह्यास्नी बी ठावं न्हाय. इचारा!"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. "नाही," मी म्हणालो, "कुणी वैद्य नव्हता."

शेट ओट्यावर चढला. "ह्याला सरकारनं फितवलाय! काल एक बोलतो, आज एक बोलतो!"

"व्हय की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. माणसं चुळबुळायला लागली. मी चाचांच्या जवळ सरकलो. आता हे लोक चाचांना मारतात की काय!

"खरं हाय," चाचा शांतपणे म्हणाले. "माझ्यावर इस्वास ठेवू नगासा. नुसतं बघा." त्यांनी बाही वर केली. डॉक्टर पेटी घेऊन आलेच होते. भर तिकटीवर, शंभर डोळ्यांदेखत, सुई आत गेली. बायकांनी तोंडाला पदर लावले. "आता मला ताप येणार. हात सुजणार. उद्या सकाळी हितंच येतो. न्हाय आलो, तर खुशाल शेटची बाटली घ्या!"

दुपार टळायच्या आत पेठेत बातमी उठली, दवंडीवाला मेला! शेटच्याच माणसांनी उठवलेली. मी धावत चाचांच्या घरी गेलो. ते घोंगडीत कुडकुडत होते. बातमी सांगितली, तर डोळे चमकले. "मेलो म्हणत्यात? झ्याक! उद्या गर्दी हुईल."

आणि काय गर्दी झाली म्हणता! माणसं बैलगाड्यांवर उभी, कौलांवर बसलेली, झाडांना लोंबकळलेली. ऊन कौलांवरून खाली उतरलं, तरी चाचांचा पत्ता नाही. शेटनं बाटल्या मांडायला सुरुवात केली. एक-दोघं पुढं सरकलेही. तेवढ्यात बोळातून काठी टेकत चाचा आले. हात गळ्यात बांधलेला. मागून त्यांचा डफ घेऊन मी.

"वाजवा, मास्तर."

मी वाजवला. ओलं घोंगडं आपटल्यासारखा आवाज झाला. सगळी तिकटी खो खो हसली.

"ताप आला काय, चाचा?" कौलांवरून एकानं विचारलं.

"आला की! हुडहुडी भरली, सगळी हाडं खुळखुळली. हात बघा, भाकरीगत टम्म फुगलाय! पर जित्ता हाय!"

लोकांनी खरोखरच पुढं येऊन हात चाचपून पाहिला. पण टोचून घ्यायला कुणी येईना. मग गर्दी दुभंगली. रंगाऱ्याची बायको होती. डॉक्टरांसमोर जाऊन तिनं आपला निळा हात पुढं केला.

"मला टोचा."

तिच्यामागं एक गवळी आला, मग दोन अत्तारणी, मग तालमीतला एक दांडगा गडी, जो सुई नुसती बघूनच भोवळ येऊन पडला. त्याला पाणी मारून उठवलं आणि टोचलं. रांग पार गंगावेशीकडं गेली. शेट बाटल्यांसकट कधी पळाला, ते कुणीच पाहिलं नाही. मी छापखान्यात जाऊन नवं हँडबिल जुळवलं, साध्या खिळ्यांत. 'ताप येतो. हात सुजतो. तरी टोचून घ्या.'

त्यानंतर चाचांना कुठल्या व्यापाऱ्यानं दुसऱ्यांदा दवंडीला बोलावलं नाही. माल विकायच्या आधी ते विचारायचे, "ह्यात वाईट काय हाय?" अशा माणसाला कोण उभं करणार! शेवटी ते आजऱ्याला लेकीकडं राहायला गेले. तिकटीवर दुसरे दवंडीवाले आले, पण त्यांचं काही खरं नव्हतं. गर्दीतून पहिला प्रश्न यायचा, "आधी तू खाऊन दाखीव!"

काही वर्षांनी आजऱ्याहून तांदूळ घेऊन आलेल्या गाडीवानानं सांगितलं, चाचा गेले. मी खिळे तसेच टाकून रंगारणीकडं गेलो. ती अंगणात ओलं लुगडं पिळत होती. मी बातमी सांगितली. तिनं पीळ सोडला नाही.

"त्या गाडीवाल्यानं डोळ्यानं बघितलं काय?"

"नाही. बाजारात ऐकलं म्हणतो."

"मग मी न्हाय मानत," ती म्हणाली. तिनं लुगडं झटकून दोरीवर टाकलं, आणि त्याच्या आड बराच वेळ उभी राहिली.