कापसाच्या खोलीतला नाग

आज सकाळी अक्का गेली, आणि सत्तर वर्षांपूर्वीची भीती परत अंगावर आली.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिच्यापासून लपवलेली एक गोष्ट आज इथे लिहितेय. ती असताना हिंमतच झाली नाही.

खानदेशात नरडाण्याजवळचं आमचं अहिराणी बोलणारं गाव. मी आठ वर्षांची, अक्का पंधराची. त्या श्रावणात आमची म्हैस अचानक आटली.

वडील, म्हणजे नाना, म्हणाले, "धामण दूध पेस तिचं." धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, असं तेव्हा झाडून सगळ्यांना वाटायचं.

अक्का एकटी भांडली. "नाना, तिले मारू नका. मंग उंदरं कोन खाई?"

"गप बस! मोठी शहाणी."

आणि बरं का, आदल्याच दिवशी नागपंचमी झालेली. वारुळाला लाह्या वाहून आलो होतो आम्ही. विषारी नागाला हात जोडायचे आणि बिचाऱ्या बिनविषारी धामणीला काठी!

गोठ्यामागच्या दगडांत नानांना ती बरोब्बर सापडली.

दिवाळीपर्यंत घरात उंदरांचं राज्य. ज्वारीची कणगी खालून पोखरली. मग वेचणीचा कापूस आला. विकेपर्यंत तो घरातल्याच एका खोलीत रचायचा, अशी आमच्याकडची रीत. उंदरांनी त्यात पिल्लं घातली.

त्या ढिगात उड्या मारायचं मला भारी वेड. एका दुपारी माय आणि नाना शेतात होते. मी उडी मारली आणि कमरेपर्यंत रुतले.

समोर दोन हातांवर नाग.

फणा काढलेला.

पाय उपसायला गेले तर आणखी रुतले.

दारातून अक्काचा आवाज आला, अगदी हळू, मी आहे ना इथे म्हणणारा. "हालू नको. मी शे ना आठे."

किती वेळ गेला देव जाणे. मग नागाने फणा खाली केला आणि तो कापसात शिरला.

दिसत होता तेव्हा निदान कुठे आहे ते तरी कळत होतं. आता नुसता कापूस हलत होता. माझ्याकडे येत होता. मांडीजवळून काहीतरी गार सरकलं. मी डोळे मिटून घेतले.

मग एक उंदीर किंचाळला. आणि सगळं शांत.

अक्का अनवाणी त्या कापसात उतरली. नाग आत कुठे आहे हे तिलाही माहीत नव्हतं. चालत आली, मला काखेत घेतलं आणि तशीच बाहेर गेली.

ओट्यावर मला ठेवलं आणि स्वतः शेजारी बसली. "तुला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटनी ना. खूप वाटनी."

पुढे शाळेत सायन्स शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर फूड चेन काढायचे. ज्वारी, उंदीर, धामण. धामण पुसली की उंदीर वाढतात, उंदरांमागे नाग घरात येतो. पोरं पटापट वहीत उतरवायची. मी मात्र दरवेळी पोरांकडे पाठ करून फळ्याकडेच बघत राहायचे.

कारण गोठ्यामागच्या त्या दगडांत धामण राहते, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. रोज बघायचे मी तिला. नानांनी शाबासकी द्यावी म्हणून मीच बोट दाखवलं होतं.

आणि त्या बोटापायी कापसात तू उतरलीस, अक्का.

आज धुळ्याला हॉस्पिटलमध्ये तिचा श्वास अडकत होता. डोळ्यांत तीच भीती, पहिल्यांदाच उघडी. सांगावंसं वाटलं, माफी मागावीशी वाटली. नाही जमलं. हात धरून एवढंच म्हणाले, "हालू नको. मी शे ना आठे."

तिने माझं बोट घट्ट धरलं. तेच बोट.

मग सोडलं.

जा अक्का, सांभाळून जा. तुझ्या धाकटीचा तुला शेवटचा नमस्कार.