खर्डीपर्यंतचा रस्ता

परवा फोनवर तुम्ही दोघा बहीणभावांनी विचारलंत की या वेळी भारतात आलो की ठाण्याहून सायकलने कसाऱ्याचा घाट चढायचा आहे, तर आजीला तो रस्ता माहीत असेल का. मागून तुमच्या बाबाचा आवाज आला, "आजीला काय विचारता, फोनमध्ये नकाशा आहे ना." मला रस्ता माहीत आहे हे तुमच्या बाबाला माहीत नाही. त्याला कोणी कधी सांगितलं नाही, मीही नाही. आता क्रमाने लिहिते.

आम्ही ठाण्याला तळ्याजवळ राहायचो. माझे वडील कोर्टात कारकून होते. मी मॅट्रिक होऊन कॉलेजात गेले तेव्हा त्यांनी मला लेडीज सायकल घेऊन दिली. हिरवी, मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून दोऱ्याची जाळी. लेडीज सायकलला मधली आडवी दांडी नसते, म्हणून पातळ नेसूनही चढता-उतरता येतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आठवडाभर मी त्या सायकलवरून कॉलेजसाठी स्टेशनपर्यंत जायचे, आणि रविवारी पहाटे माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि मी लांब जायचो. सुरुवात बाळकुमपर्यंत. तेव्हा तिथे भातखाचरं होती आणि रस्त्यावर म्हशी बसलेल्या असायच्या. मग खाडीचा पूल, मग भिवंडी. भिवंडीत पहाटेसुद्धा मागांचा खडखडाट चालू. तिथून आग्रा रोडने पडघा. पडघ्यापुढे रस्ता चढ-उतारांचा होतो आणि आसनगावजवळ उजेड चांगला असला तर डावीकडे माहुलीचे सुळके दिसतात. शहापूर सोडलं की जंगल. साग आणि ऐन दोन्ही बाजूंनी इतके जवळ येतात की रस्त्यावर ऊन तुकड्यातुकड्यांनी पडतं. एकेक ओढा आला की रस्ता खाली घसरतो आणि पलीकडे तितकाच चढतो. त्या चढांवर उतरायचं नाही, बसूनच चढायचं, असा माझा नियम होता. दादा उतरायचा. मी नाही.

एका थंडीत आम्ही खर्डीपर्यंत पोचलो. समोर घाटाचा डोंगर उभा होता आणि कड्याच्या पोटातून आगगाडी बाहेर पडताना दिसत होती. मी म्हटलं, "दादा, आता थोडकंच राहिलंय."

"आई दिवेलागणीच्या आत घरी ये म्हणालीये. गाडी चुकली तर मला बोलणी बसतील, तुला नाही."

"पण इतक्या जवळ आलोय."

"अगं, घाट काय पळून जातोय?"

आम्ही सायकली पार्सलच्या डब्यात टाकून पॅसेंजरने परत आलो. पुढच्या थंडीत जायचं ठरलं. पुढच्या थंडीत मला बघायला मंडळी आली.

मुलगा डोंबिवलीचा, सरकारी कचेरीत नोकरीला. म्हणजे तुमचे आजोबा. मुलीला आवड काय, असं त्यांनी विचारलं. आईने ठरवून दिलेलं उत्तर विणकाम हे होतं. मी सायकल म्हणाले. आईने माझ्याकडे असं पाहिलं की पोह्यांची बशी हातातून पडायची राहिली. पण ते हसून म्हणाले, "मलाही आवडते. कसाऱ्याचा घाट बघितलाय? लग्नानंतर जाऊ." त्या एका वाक्यावर मी होकार दिला. तुम्हाला हसू येईल. येऊ दे.

वडिलांनी लग्नात सायकल माझ्याबरोबर द्यायची ठरवली. तिथे त्यांची चूक झाली, आणि ती फक्त कोर्टातल्या माणसाची होऊ शकते. त्यांनी ती रुखवतात मांडली. रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी लग्नमंडपात मांडलेल्या वस्तू: भांडी, फराळाची ताटं, शिवणकाम. आई म्हणत होती, "तिथे नका ठेवू. रुखवतात मांडलं ते त्यांच्या घराचं होतं. नंतर गुपचूप पाठवू." वडील म्हणाले, "गुपचूप कशाला? चार लोकांसमोर दिलेलं पक्कं असतं. उद्या कोणी म्हणायला नको की ही हिची नाही."

त्यांना साक्षीदार हवे होते. साक्षीदार भरपूर मिळाले. झेंडूची माळ घातलेली माझी सायकल लाडवांच्या ताटाशेजारी उभी होती आणि सासरच्या बायका तिच्याभोवती जमल्या होत्या.

"अगंबाई, नवरी हँडलवर नि नवरदेव मागे कॅरिअरवर की काय?"

"त्याला पदर सांभाळायला बसवेल."

सगळ्या हसल्या. माझ्या सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी सायकलच्या हँडलला हळदकुंकू लावलं आणि बाकीच्या सामानाबरोबर ती उचलून न्यायला सांगितली. तेव्हा मला तो मान वाटला.

डोंबिवलीला सायकल मागच्या पडवीत ठेवली. भाजी आणायला घेऊन जाऊ का, असं मी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वर्षाचे सण होऊ देत. नव्या नवरीने सायकलवर फिरलेलं लोक बघतात." मला ते पटलं नाही, पण थांबायची मुदत तरी कळली. मी दर शनिवारी तिला तेल घालत होते, हवा भरत होते. तुमचे आजोबा म्हणायचे, "संक्रांत झाली की घाट. नक्की."

पहिल्या दिवाळसणाला आम्ही ठाण्याला गेलो. भाऊबीज झाल्यावर ते परतले, मी आणखी काही दिवस राहून आले. पडवीत पाऊल टाकलं तर सायकल वेगळी दिसली. सीटपासून हँडलपर्यंत एक जाड लोखंडी दांडी जोडलेली होती. वेल्डिंगच्या जागी हिरवा रंग जळून काळा झाला होता. मागच्या चाकाची जाळी नव्हती.

माझे धाकटे दीर बाहेर आले. त्यांना कल्याणला कारखान्यात नोकरी लागली होती.

"वहिनी, कशी दिसतेय आता?"

"कोणाची आहे भावजी?"

"कोणाची म्हणजे? आपली. बायकी सायकलवर कारखान्यात गेलो असतो तर पोरांनी जगू दिलं नसतं. दांडी टाकून घेतली. एकदम जेन्टस झाली."

मी तुमच्या आजोबांकडे गेले. ते पेपर वाचत होते.

"तुम्ही होतात घरी?"

"होतो की."

"त्यांनी विचारलं नाही?"

"विचारलं. म्हटलं घे. घरातलीच वस्तू आहे, घरातच राहतेय. पडून गंजण्यापेक्षा बरं."

"मला त्या दांडीवरून पातळ नेसून चढता येणार नाही."

त्यांनी पेपर खाली केला. ही गोष्ट त्यांच्या खरंच लक्षात आली नव्हती, हे मला दिसलं. वाईट याचं वाटलं की लक्षात आल्यावरही ते म्हणाले, "बघू मग काहीतरी."

मी दादाला सांगितलं. दादा तोपर्यंत मित्रांबरोबर घाट चढून आला होता. तो म्हणाला, "सायकलच ना? वाद घालू नकोस. घाट काय पळून जातोय?" वडिलांना मी सांगितलंच नाही. त्यांनी साक्षीदार बोलावायचं म्हटलं असतं.

संक्रांत झाली. घाटाची सहल ठरल्याप्रमाणे निघाली. तुमचे आजोबा, भावजी आणि कचेरीतले दोन मित्र. आजोबांनी सायकल भाड्याने आणली, भावजींनी माझी नेली. मी पहाटे उठून दशम्या केल्या, लसणाची चटणी केली. शहापूरपुढे ओढ्याच्या उतारावर वाळू असते, ब्रेक दाबू नका, अलगद जाऊ द्या, हे मी सांगितलं. मित्रांपैकी एकजण म्हणाला, "वहिनींना बरीच माहिती दिसते." तुमचे आजोबा म्हणाले, "तिला हौस आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले. मी पाणी दिलं, पाय शेकायला गरम पाणी दिलं. मग विचारलं, "घाट कसा आहे?"

"आहे की. वळणं, दरी. माकडं फार."

"वर पोचल्यावर काय दिसतं?"

ते आठवू लागले. त्यांनी खरंच प्रयत्न केला. मग म्हणाले, "फार काही नाही गं. चहा बरा मिळाला."

पुढे ती सायकल बरीच वर्षं चालली. भावजींनी नीट वापरली, तक्रार करावी असं काही नाही. माणसंही वाईट नव्हती. तुमचे आजोबा मला कधी उणा शब्द बोलले नाहीत, आणि घाटाचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही. तुमच्या बाबाने गाडी घेतल्यावर आम्हाला नाशिकला नेलं, तेव्हा तो म्हणाला, "आई, बघ घाट." मी पिशवीत चष्मा शोधत राहिले. घाट संपला तेव्हा चष्मा सापडला.

तर रस्ता असा. ठाणे, बाळकुम, खाडीचा पूल, भिवंडी, पडघा, आसनगाव, शहापूर, आटगाव, खर्डी. आता तो रुंद झालाय म्हणतात, ट्रक फार असतात. पहाटे निघा. शहापूरपुढच्या चढांवर उतरू नका, श्वास लहान ठेवा आणि समोर न बघता चाकाकडे बघा. आणि पोरी, माझी नात असशील तर तू पुढे राहा, भावाला मागून येऊ दे. त्याने परत फिरू म्हटलं तर त्याला गाडीने पाठव.

खर्डीच्या पुढचं मला विचारू नका. ते मला माहीत नाही.