आमच्या घरातला न कळवलेला माणूस

आमच्या घरात चारच माणसं राहतात, हे एका सरकारी कार्यालयाला पटवून द्यायला मला तीन आठवडे लागले.

चार म्हणजे मी, माझा नवरा सॅमी, नऊ वर्षांची लेक याएल आणि अलिबागहून आलेल्या माझ्या सासूबाई. कॅनडात मिसिसागातला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याच्या सवलतीतला. किती माणसं राहतात आणि किती कमावतात, यावर आमचं भाडं ठरतं. अट एकच: काहीही बदललं की तीस दिवसांत कळवायचं. नोकरी लागली, गेली, घरात कोणी आलं, गेलं, सगळं! नाही कळवलं तर सवलत बंद. त्यातून सॅमी आठ महिने घरी बसलेला. सवलत गेली तर हे घर जाणार, याएलची शाळा जाणार, हा विचार डोक्यातून जात नसे.

म्हणून मी कळवत असे. (अति कळवते, असं सॅमी म्हणतो. सोफा बदलला तेव्हाही मी फोन उचलला होता, त्याने वेळीच माझा हात धरला.) ओळखीपाळखीचे लोक आपापले फॉर्म माझ्याकडे घेऊन यायचे. "दीनाला विचारा, तिचा फॉर्म कधी परत येत नाही!" हे ऐकून ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते.

आणि एकदाची सॅमीला नोकरी लागली! एअरपोर्टजवळच्या गोदामात, कायमची. मी त्याच दुपारी फोन लावला. आमची फाइल लिंडा नावाच्या बाईंकडे होती. त्या म्हणाल्या, "ग्रेट न्यूज! गुरुवारी चार वाजता घरी येते, फाइल अपडेट करू."

तिकडे सासूबाईंनी जाहीर केलं, "गुरुवारी मलिदा!"

आम्ही कोकणातले ज्यू. आमच्यात काही चांगलं व्हावं म्हणून नवस करायचा तो एलियाहू हन्नबीला, म्हणजे एलियाहू प्रेषिताला, आणि तो फेडायचा मलिदा करून. गोड पोहे, खोबरं, खजूर, पाच फळं, सगळं मोठ्या ताटात रचून पांढऱ्या कापडावर मांडायचं आणि प्रार्थना म्हणायची. त्या वेळी एलियाहू स्वतः घरी येतो, अशी आमची श्रद्धा. सासूबाईंची तर खात्रीच.

गुरुवारी दुपारी लक्षात आलं, नारळच नाही! माझ्या धाकट्या भावाला म्हटलं, "एझ्रा, पळ, नारळ घेऊन ये." हा एझ्रा इंटरव्ह्यूसाठी 'दोन दिवस' म्हणून हॅलिफॅक्सहून आला होता आणि आमच्या नव्या सोफ्यावर छान रुळला होता.

"ताई, मी जस्ट शॉवरला चाललोय गं!"

एझ्राचा शॉवर म्हणजे तासाभराची निश्चिंती. शेवटी मीच बस पकडली. निघताना सासूबाईंना बजावलं, "आई, लिंडाबाई लवकर आल्याच, तर विचारतील ते खरं सांगा. काही म्हणजे काही लपवू नका! लपवलं तर घर जाईल."

"मी कशाला लपवू? मी काय चोर आहे?"

लिंडाबाई लवकर आल्या. पुढचं मला सासूबाईंनी आणि त्यांच्या दुभाषी म्हणून काम केलेल्या याएलने सांगितलं, तेही मोठ्या अभिमानाने.

सजवलेलं ताट बघून लिंडाबाईंनी विचारलं, "हे कोणासाठी?"

"एलियाहू हन्नबी," सासूबाई म्हणाल्या.

"मिस्टर हन्नबी? ते इथे येतात?"

"ही ऑल्वेज कम्स," याएल म्हणाली. "आजी सेज, मी बॉर्न व्हायच्या आधीपासून."

लिंडाबाईंनी टॅबलेट उघडला. "रात्री इथे झोपतात?"

सासूबाईंनी प्रश्न समजून घेतला आणि मान हलवली. "तो कधी झोपत नाही."

"काम करतात?"

"मग! सॅमीला नोकरी कोणी लावली?"

"भाड्याला काही हातभार लावतात?"

इथे मात्र सासूबाईंना राग आला. "त्याच्याकडे पैसे मागायचे? शिव शिव! आमचं जे काही आहे ते त्यानेच दिलंय!" (शिव शिव म्हणायला कोकणात कोणाचीच हरकत नसते.)

"एरवी कुठे राहतात?"

सासूबाईंनी बोट वर केलं. लिंडाबाईंनी छताकडे बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं. मग शेवटचा प्रश्न विचारला, "आत्ता ते घरात आहेत?"

"आहेत तर! आज तर नक्कीच!"

मी दोन नारळ घेऊन पोहोचले तेव्हा लिंडाबाई बूट घालत होत्या. "तुमच्या सासूबाई फार प्रामाणिक आहेत," असं म्हणून त्या माझ्याकडे फार विचित्र नजरेने बघत निघून गेल्या. मी खूश! संध्याकाळी मलिदा झकास झाला.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. 'आपल्या घरी श्री. एलियाहू हन्नबी हे प्रौढ गृहस्थ राहत असून आपण ते कळवलेलं नाही. त्यांचं ओळखपत्र आणि उत्पन्नाचा पुरावा दहा दिवसांत सादर करावा, अन्यथा सवलत थांबवण्यात येईल.'

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सॅमी हसून हसून सोफ्यावर एझ्राच्या अंगावर कोसळला.

"हसतोस काय? घर जाईल!"

"अगं, फोन करून सांग ना सरळ!"

फोन केला. लिंडाबाई रजेवर, आणि मशीन म्हणालं, बदल कळवायचा असल्यास ऑनलाइन फॉर्म भरा. 'असा माणूसच नाही' असा फॉर्म त्यांच्याकडे नव्हता. सर्वात जवळचा होता तो 'घर सोडून गेलेल्या व्यक्तीची माहिती'. झालं! फॉर्म दिसला की माझे हात शिवशिवतात. गेल्याची तारीख: 'निश्चित माहीत नाही, फार पूर्वी.' परत येण्याची शक्यता: 'आहे.' (खोटं कसं लिहिणार? सासूबाई मागे उभ्या होत्या.) सध्याचा पत्ता: 'स्वर्ग.'

तीन दिवसांत उत्तर आलं. 'श्री. हन्नबी यांच्या जाण्याचं कळून आम्हाला अतीव दुःख झालं. कृपया मृत्यूचा दाखला जोडावा.'

"मृत्यूचा?" सासूबाई कडाडल्या. "मेला कधी तो? जिवंत गेला वर, अग्नीच्या रथातून! मेला म्हणून लिहिलंस तर याद राख, दीना!"

म्हणजे दाखला दिला नाही तर घर जाणार, आणि दिला तर सासू! शिवाय दाखला आणणार कुठून? मी रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन फिरत होते. एझ्रा सोफ्यावरून म्हणाला, "ताई, चिल. एवढं काय टेन्शन घेतेस?" मी त्याला चहा दिला आणि पुन्हा नियम वाचायला बसले.

शेवटी लिंडाबाई रजेवरून परतल्या त्या सकाळी मी, सासूबाई आणि याएल कार्यालयात हजर झालो. सासूबाईंनी हॉलमधली एलियाहूची तसबीर काढून शालीत गुंडाळून आणली होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली. पांढरी दाढी, रथ, आगीचे घोडे.

लिंडाबाई बघतच राहिल्या. "ओह माय गॉड. एलायजा? बायबलमधला एलायजा?"

"येस!" आम्ही तिघी एकदम ओरडलो.

त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून आले. मग डोळे पुसत त्यांनी मिस्टर हन्नबींचं नाव आमच्या फाइलमधून काढलं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच रडायच्या बेतात होते. पण मी ती मीच! जाता जाता ऐटीत म्हटलं, "बघा ना, मी कधी काही लपवत नाही. आमच्या घरात चारच माणसं."

लिंडाबाई हसायच्या थांबल्या. "एक मिनिट. त्या दिवशी मी आले तेव्हा वॉशरूममध्ये शॉवर चालू होता. दाराशी मोठे बूट होते. कोणीतरी गात होतं. म्हणून तर मी विचारलं, ते घरात आहेत का. मग अंघोळ कोण करत होतं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी तसबिरीकडे बघितलं.

"दॅट्स एझ्रामामा!" याएल म्हणाली. "ही लिव्ह्ज ऑन अवर सोफा."

देवाशपथ सांगते, मला एझ्रा एकदाही आठवला नव्हता! अहो, भाऊ तो. भावाला कोणी पाहुणा म्हणतं का? मोजून बघितलं तर त्याच्या दोन दिवसांना एकोणतिसावा दिवस लागला होता. लिंडाबाई म्हणाल्या, "अजून एक दिवस आहे. आजच लिहून द्या, घर कुठे जात नाही." मी तिथेच बसून लिहून दिलं. घरी येऊन एझ्राला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याला नोकरी मिळाली आणि तो मिल्टनला एका बेसमेंटमध्ये राहायला गेला. जाताना हसत म्हणाला, "ताई, हे पण कळवायचं ना?"

"तू निघ! मी दोन मिनिटांत कळवते."

खरंच दोनच मिनिटं लागली. फॉर्म मला आता पाठ होता. मागचाच उघडला, 'हन्नबी' खोडून भावाचं नाव टाकलं आणि पाठवून दिला.

काल पत्र आलंय. एझ्राच्या जाण्याचं कळून कार्यालयाला अतीव दुःख झालं आहे.