थोरल्या भावाचं तोंड

"इहिरीला पानी हाय का? पानी!" मुलीचे वडील माझ्या थोरल्या भावाच्या कानाशी ओरडत होते. त्या आवाजानं जामखेडच्या वेशीवरची जनावरं दावी तोडून पळाली असतील, पण भाऊ आपला शांत. तो जन्माचा मुका-बहिरा. हे त्यांना आधीच कळवलेलं. तरी जोरात बोललं की बहिऱ्यालाही ऐकू जातं, असा आमच्याकडं सगळ्यांचाच समज.

मी भावाला हातानं विहिरीची खूण केली. भावानं चहाची रिकामी बशी पालथी केली आणि बुडावर टिचकी मारली.

"काय म्हनत्यात?" वडिलांनी मला विचारलं.

"म्हनतोय, दोन मोटा दिसभर चालल्या तरी तळ दिसत न्हाई."

साल दुष्काळाचं. आमच्या गावी, काष्टीला, विहिरीच्या तळात पारवे पायी हिंडत होते. पण भावासाठी बघितलेली ही चौथी मुलगी. आधीच्या तिन्ही घरी मी खरं बोललो होतो, म्हणजे माझ्या मानानं खरं, आणि तिन्ही घरचा नुसता चहा पिऊन परतलो होतो.

वीस वर्षं मी त्याचं तोंड होतो. दुकानात, तलाठ्याकडं, दवाखान्यात. त्याचं पोट दुखलं की कण्हायचो मी. भांडण तो उकरायचा, शिव्या मी द्यायचो आणि मारही बहुतेक मीच खायचो. गाव मला बडबड्या म्हणायचं. अहो, दोघांचं एकट्यानं बोलायचं म्हटल्यावर जिभेला सुटी कुठली?

भाऊ माझ्या ओठांकडं बघत होता. शब्द त्याला कळत नसत. मी थाप मारतोय, एवढं मात्र नेमकं कळे. त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि पालथ्या बशीच्या बुडावर पुन्हा टिचकी मारली.

"आता काय?" वडील म्हणाले.

नवी थाप रचायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. "इहीर कोरडी हाय म्हनतोय."

वडील उठून माजघराच्या दाराशी गेले. मुलगी मघापासून तिथंच उभी राहून सगळं बघत होती.

"ऐकलंस ना? पानी न्हाई त्यांच्याकडं. काय सांगू?"

"मला मघाशी पयल्या बारीला बशी पालथी झाली तवाच कळलं हुतं, आबा," ती म्हणाली. "हो म्हना. फकस्त ह्या धाकट्यांना मधी बोलू देऊ नका."