गळकी वॉटर स्कूटर घेऊन रेणापूर ते नांदेड

दुष्काळात वॉटर स्कूटर विकत घेणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो माझा नवरा. लातूरजवळच्या एका रिसॉर्टचं तळं आटलं, मालकानं सामान विकायला काढलं आणि सुधाकरनं भंगाराच्या भावात ती आणून अंगणात उभी केली. रेणापुरात आमचं मोटारी भरायचं, म्हणजे पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. बोअर आटलेले, मोटारी बंद, आम्ही माश्या मारत बसलेलो, त्यात हे ध्यान. शेजारीण म्हणाली, "वैनी, हिला नांगराला जुंपनार हाव का?"

मी भांडले नाही, कारण सुधाकरनं ती माझ्या वडिलांसाठी आणली होती. अण्णांनी आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना विहिरीत पोहायला शिकवलंय, पाठीला रिकामा डबा बांधून. मग अर्धांगवायूनं उजवा पाय गेला आणि पाठोपाठ विहीरही आटली. आमच्याकडं राहायला आल्यापासून ते भिंतीकडं तोंड करून पडून असत. उठायचे ते एकाच कामासाठी. कुठं नळ ठिबकताना ऐकू आला की काठी टेकत जायचे आणि बाभळीची खुंटी सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून तिथं ठोकायचे. डॉक्टर म्हणाले, आता औषधाचं काम संपलं, यांना घराबाहेर काढा. आम्ही ठरवलं, एकदा तरी खोल पाण्यावर न्यायचं.

मांजरा नदी कोरडी होती. नांदेडला विष्णुपुरी धरणाच्या मागं गोदावरीत पाणी टिकून होतं.

निघण्याआधी अंगणात नळी जोडून इंजिन बघितलं. पहिल्याच बटणाला सुरू झालं आणि कडेच्या बारक्या भोकातून पाण्याची धार उडाली. इंजिन गार करून आलेलं पाणी तिथून बाहेर पडतं, म्हणून ती धार दिसली की समजायचं, सगळं ठीक आहे. जुनी वॉटर स्कूटर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. मी हे सुधाकरला समजावत होते तेव्हा अण्णा दारातून बघत होते. मग आम्ही जेवायला आत गेलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाड्याच्या पिकअपमधून लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा असे निघालो. रस्ता चांगला आहे, पण ऊन चढायच्या आत पोहोचा. पाण्याचे टँकर सोडले तर वाटेत फारशी गर्दी नव्हती. प्रत्येक टँकरवाला आमच्याकडं वळून बघत होता.

अहमदपूरला हॉटेलात सुशीला आणि मिरची भजी खाल्ली. मुरमुऱ्यांची सुशीला इथं चुकवू नका, स्वस्त आणि पोटभर. शेजारच्या बाकड्यावर नव्या जिल्ह्याचा विषय चालला होता. एक फेटेवाले ठासून सांगत होते, "उदगीर जिल्हा होऊ द्या, समदं पालटतंय बघा."

अण्णा बशीतला चहा ओढून म्हणाले, "लातूर जिल्हा झाला तवा बी असंच म्हनायचे. पाटी बदलली, हीर तीच ऱ्हायली."

सगळं हॉटेल हसलं, फेटेवालेसुद्धा. अण्णा अनोळखी माणसाशी कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. मी सुधाकरला टेबलाखालून कोपर मारलं.

नांदेडला माझा मामेभाऊ मिलिंद वाट बघत होता. "जय भीम, अण्णा," म्हणत त्यानं त्यांना उतरवून घेतलं. परवानगी, लाइफ जॅकेट, मच्छीमारांची एक नाव, सगळी तयारी त्यानं करून ठेवली होती. अशा ओळखीशिवाय या फंदात पडू नका.

लिंबाच्या सावलीत अण्णांना खुर्ची दिली आणि सुधाकर आधी एकटा निघाला. गेला झोकात. थोडं पुढं जाऊन इंजिन ठसकलं आणि बंद. नावेनं ओढून आणल्यावर मी सीट उचललं तर आत पाणीच पाणी.

नावेवाले म्हणाले, "ताई, बुड फुटलंय हिचं. न्या वापस."

मला इतक्यात वापस जायचं नव्हतं. मागची दोन्ही बुचं तपासली, घट्ट होती. स्पार्क प्लग काढून उन्हात ठेवले, तसंच बटण दाबून इंजिनातलं पाणी बाहेर उडवलं. मग आत हात घालून चाचपत गेले, तर इंजिन गार करणाऱ्या पाण्याची नळी सांध्यातून निसटलेली. बूड शाबूत होतं, नदीचं पाणी या नळीनंच आत भरलं होतं. क्लिप आवळली, प्लग बसवले, इंजिन सुरू झालं. मी नावेवाल्यांकडं ऐटीत बघितलं. सुधाकर काठाकाठानं एक चक्कर मारतो न मारतो तोच नळी परत निसटली.

आता मात्र मी खाली बसले. आमच्या धंद्यात पाइप फुटला की फुटलेल्या जागी बघून भागत नाही, पुढं वाट कुठं तुंबली ते शोधावं लागतं. आणि माझ्या ध्यानात आलं, आज ती कडेची धार दिसलीच नव्हती. भोक बघितलं. आत बाभळीची खुंटी, सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून पक्की ठोकलेली.

विचारायची गरजच नव्हती. खुर्चीतून अण्णा मला म्हणाले, "म्याच बसवली, शके. पानी वाया चाललं व्हतं."

सुधाकर पोट धरून हसायला लागला. मला राग यायला हवा होता, पण रडू आलं. या माणसाला भिंतीशिवाय काही दिसत नाही असं आम्ही धरून चाललो होतो, आणि त्यांनी त्या पायानं अंगण ओलांडून एक धार थांबवली होती.

मी म्हटलं, "अण्णा, ही धार परत नदीतच पडती."

 ते म्हणाले, "मंग काढ की. काय बघायलीस?"

पकडीनं खुंटी उपसली. नळी जोडून, प्लग पुन्हा वाळवून बटण दाबलं आणि धार लांब उडाली. जॅकेट घातलेल्या अण्णांना चौघांनी उचलून सुधाकरच्या मागं बसवलं. ते दोघं निघाले, नाव त्यांच्या बाजूनं. मधोमध जाऊन इंजिन बंद झालं. मला वाटलं, परत बिघडली की काय. तेवढ्यात मिलिंद म्हणाला, "ताई, अण्णा उतरले."

त्यांनीच सुधाकरला इंजिन बंद करायला लावलं होतं आणि ते स्वतःहून पाण्यात सरकले होते. उताणे, दोन्ही हात सावकाश मारत. तिथं पायाचं काही अडत नव्हतं. नाव जवळ आली तसा त्यांचा आवाज काठापर्यंत पोहोचला, "बाजूला घ्या की. पवू द्या मानसाला."

परतताना लोह्याजवळ भाकरी, पिठलं आणि ठेचा. अण्णांनी भाकरी मागून घेतली. खर्चाचं विचाराल तर वॉटर स्कूटर पेट्रोल ढोसते, आणि पिकअपचं भाडं वेगळं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते पैसे देताना आठवा.

घरी आल्यावर मी खुशीत होते. एक गळकं यंत्र दुरुस्त केलं, एक माणूस घराबाहेर काढला. सकाळी चहा घेताना अण्णांनी विचारलं, "नांदेडला खोली केवढ्याला मिळंल?"

"कुणाला?"

"मला. मिलिंद हाय जवळ. हितं पडून काय करू?"

त्यांना बिछान्यातून उठवायचं मी ठरवलं होतं. ते इतक्या लांब जातील हे मनात आलं नव्हतं. दुकानात जाऊन थोडी रडले, मग मिलिंदला फोन लावला. तुमच्यातही कुणी नांदेडचं असेल तर सांगा. नदीजवळ एक खोली हवी आहे, तळमजल्यावरची, दाराला पायऱ्या नसलेली.