माझ्या पडद्यावर अडकलेल्या ओळी

तुम्ही कीबोर्डवर ‘क’ दाबता आणि पडद्यावर ‘क’ उमटतो. तो कोणी उमटवला?

हा प्रश्न मी लग्नाच्या पंगतीत विचारलाय, दाताच्या डॉक्टरला तोंड उघडं ठेवून विचारलाय, आणि नोकरीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला तर पहिल्याच दिवशी विचारलाय. सगळे म्हणतात, “कीबोर्डने.” मग मी भुवया उंचावतो, एक मोठा पॉज घेतो (पॉज घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही) आणि म्हणतो, “चूक!”

निदान ज्या काळ्या पडद्यावर आम्ही आयुष्य काढलं, त्या टर्मिनलवर तरी चूक. तिथे तुमचं अक्षर आधी जातं ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये. तिथे टर्मिनल सांभाळणारा एक विभाग असतो. मी त्याला विंगेतला माणूस म्हणतो. तो तुमचं अक्षर उचलतो, स्वतःजवळच्या ओळीत ठेवतो आणि त्याची एक प्रत पडद्यावर पाठवतो. याला म्हणतात एको, म्हणजे प्रतिध्वनी. ज्या प्रोग्रॅमशी तुम्ही बोलताय असं तुम्हाला वाटतं, तो तेव्हा चक्क झोपलेला असतो. तुम्ही खोडलंत, तर विंगेतला माणूस आपल्याजवळच्या ओळीतलं अक्षर पुसून टाकतो. एंटर दाबलं की मगच तो प्रोग्रॅमला हलवून उठवतो आणि पुरी झालेली ओळ हातात देतो. मधे तुम्ही काय लिहिलंत, काय गिळलंत, याची प्रोग्रॅमला गंधवार्ता नसते.

हा विंगेतला माणूस आम्ही दोघांनी मिळून अनेक वर्षं पोसला. दोघांनी म्हणजे मी आणि माझा मित्र. एका छोट्या कंपनीत आमची टेबलं शेजारी होती आणि यंत्रांच्या कर्नलमधला नेमका हाच भाग आमच्या वाट्याला होता. कंपनी आता नाही. मी कोथरूडला राहतो, घरूनच थोडंफार काम करतो. लग्न राहून गेलं. तो सदाशिव पेठेत, बायकोबरोबर. माझ्याहून काही वर्षांनी मोठा, पण आमचं पहिल्यापासून अरे-तुरे.

त्याचा आवाज म्हणजे जड लोखंडी कपाट फरशीवरून ओढावं तसा. शब्द कमी, पण एकेक असा यायचा की समोरच्याने खुर्ची धरावी. कंपनीतल्या कॉफीच्या यंत्रासमोर उभा राहून तो एकदा म्हणाला होता, “आपण कॉफी देणार आहात, की नुसतेच घरघरणार आहात?” यंत्राने कॉफी दिली. मी साक्षीदार आहे.

मग त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

घरी आल्यावर त्याने पाटी वापरून बघितली. दोन दिवसांत फेकून दिली. मला लिहून दाखवलं: “मी ‘पा’ काढला की सगळे ओरडतात, पाणी! मला पायजमा हवा असतो.” फोनवरचे मेसेजही नकोत. तिथे आपण टाईप करतोय हे समोरच्याला दिसतं, ते त्याला न्हाणीघराचं दार उघडं राहिल्यासारखं वाटे. त्याला वाक्य पुरं करायला एकांत हवा होता. माझ्या डोक्यात घंटा वाजली. पुरी ओळ होईपर्यंत कुणाला काही न कळू देणारा माणूस आम्हीच तर पोसला होता!

माझ्या पुस्तकांच्या कपाटावर एक जुनं मशीन कायम चालू असतं. तो त्याच्या घरून त्यात शिरायचा, मी माझ्या टेबलावरून. त्यात एक पुराणा प्रोग्रॅम आहे: तुम्ही एंटर दाबलं की तुमची ओळ थेट दुसऱ्याच्या पडद्यावर टाकतो. बास. ना चित्रं, ना निळ्या खुणा. त्या काळ्या पडद्यावर मराठी काना-मात्रा भलतीकडे जाऊन बसतात, म्हणून आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. पडद्यावरची ती खिडकी दोघेही कधी बंद करायचो नाही. संध्याकाळी चहा झाला की त्याची पहिली ओळ यायची: “आहेस?”

मी नसणार कुठे? पण कुणी विचारलं की असल्यासारखं वाटतं. दिवसभर मी या घरात बोलत असतो. कुकरला दटावतो, गॅलरीतल्या कबुतरांना भाडं मागतो. सोसायटीत काही समारंभ असला की माईक माझ्याच हातात असतो. लोक पोट धरून हसतात आणि मग आपापल्या मजल्यावर जातात. लिफ्टचं दार बंद झालं की मी एक मजला जिन्याने चढतो. हसणारे शंभर मिळतात हो. “काल तू ती गोष्ट जरा लांबवलीस” असं सांगणारा मला एकच मिळाला होता.

तर यंदाचा सव्वीस जानेवारी. पार्किंगमध्ये झेंडावंदन, त्यानंतर जिलबी आणि त्यानंतर मी. मित्र आणि वहिनी आले होते, पहिल्या रांगेत. मी ठरवलेल्या नकला केल्या आणि टाळ्यांच्या नशेत एक न ठरवलेली केली. कॉफीचं यंत्र. त्याच्या आवाजात. कपाट असं सरकलं की माझेच केस उभे राहिले. सगळं पार्किंग हसलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. मित्र जिलबीची प्लेट धरून माझ्याकडे बघत राहिला. मी प्लास्टिकच्या खुर्च्या रचायला मदत करून वळलो, तोवर दोघं निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पार्किंगची नोटीस लिहीत बसलो होतो. सोसायटीच्या नोटिसा मीच लिहितो. “गाडी लावताना शेजाऱ्यालाही गाडी आहे असे समजावे.” असं काही जमलं की माझी बोटं आपोआप कंट्रोल आणि एस दाबतात. लिहिलेलं सेव्ह व्हावं म्हणून. शेजारच्या खिडकीत मित्राची ओळ आली:

“काल सगळ्यांसमोर माझा आवाज काढलास.”

मी त्या खिडकीत गेलो. पुढची ओळ येईल म्हणून थांबलो. आली नाही. चहावर साय धरली, तरी नाही.

म्हणजे रागावला. बरोबरच होतं; ज्याचा आवाज गेला त्याच्यासमोर त्याचाच आवाज काढून टाळ्या घेतल्या मी. माफी मागावी असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशीही पडदा तसाच, तिसऱ्या दिवशीही, आणि माझ्यातला पुणेकर जागा झाला. एवढं काय? इतक्या वर्षांची मैत्री, आणि साधी शिवीसुद्धा नाही? त्याला लिहायचं नसेल तर मी का लिहू? त्या खिडकीत मी एक अक्षर टाईप केलं नाही. नुसता बघत बसायचो. चहा दोन कप करून एक ओतून द्यायचो. पूर्वी दोन्ही मीच प्यायचो, एक त्याच्या नावाने.

त्या दिवसांत मी घरात बोलणं सोडलं. कुकर शिट्ट्या करायचा, मी काही म्हणायचो नाही. एकदा भाजीवाल्याने “किती देऊ?” विचारलं तर घसा खाकरावा लागला, सकाळपासून वापरलाच नव्हता. कबुतरं फुकट राहत होती.

रविवारी आंघोळ करून आलो आणि स्वतःलाच म्हणालो, बास झाला तमाशा. खुर्चीत बसलो. त्या खिडकीत लिहायला घेतलं: “अरे, चुकलो.” इंग्रजी अक्षरांतला ‘ए’ दाबला.

काहीच उमटलं नाही.

पुन्हा दाबला. नाही. सगळा शब्द दाबला. नाही. आणि हे लक्षण मी ओळखत होतो. अहो, मी हे शिकवत होतो!

कंट्रोल-एस. बाकी जगासाठी त्याचा अर्थ ‘सेव्ह कर’. टर्मिनलमधल्या विंगेतल्या माणसासाठी त्याचा अर्थ ‘थांब’. कागदावर छापणाऱ्या जुन्या यंत्रांच्या काळातला हुकूम आहे तो: पडद्याकडे जाणारं सगळं रोखून धर, मी सांगेपर्यंत. तो आज्ञाधारक माणूस रोखून धरतो. ना तक्रार, ना सूचना. पडदा मेलेला नसतो, फक्त गप्प असतो. नोटिशीच्या सवयीने माझी बोटं त्या दिवशी वाट बघता बघता या खिडकीत चालली होती. नवीन आलेल्यांना मी सांगायचो, “पडदा गोठला तर घाबरू नका, आधी एक अक्षर दाबून बघा.” एक अक्षर! मी रुसून बसलो नसतो, तर पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं.

आणि पलीकडे? पलीकडे मित्राला कसलीच शंका येणार नव्हती. त्याचं अक्षर त्याच्या पडद्यावर उमटवणारा माणूस वेगळा, त्याच्या बाजूच्या विंगेतला. तो इमानाने प्रत्येक अक्षराचा प्रतिध्वनी देत राहिला असणार. माझ्याकडे टाकणारा प्रोग्रॅम माझ्या बंद दारावर अडकून उभा, आणि मागे त्याच्या ओळी साठत चाललेल्या. सुमारे चार हजार अक्षरं मावतात तिथे. त्याच्या स्वभावाला आयुष्यभर पुरली असती. तो बापडा स्वतःचीच अक्षरं बघून समजत होता की मी वाचतोय. वाचतोय आणि उत्तर देत नाही.

मी कंट्रोल आणि क्यू दाबलं. ‘सोड.’

माझी अक्षरं आणि त्याच्या ओळी एकमेकांत घुसत धडाधड आल्या. मी त्या नीट लावून, देवनागरीत देतो:

“हिने पदर तोंडाला लावला तेव्हा मला वाटलं रडते. हसत होती.”

“घरी येऊन रडली. मग म्हणाली, परत ऐकायचाय.”

“आमच्याकडे माझं एकही रेकॉर्डिंग नाही. माणूस गेला तर फोटोला हार घालतात. आवाज गेला तर कशाला घालायचा?”

“रविवारी हिचा साठावा वाढदिवस. सकाळी ये. तिला माझ्या आवाजात एकदा हाक मार. मला जमत नाही, माहीतच आहे तुला.”

“वाचलंस ना?”

“मानधन हवं असेल तर बोल. मिसळ देईन.”

“हल्ली भाव फार वाढलाय कलाकारांचा.”

“आहेस?”

“आहेस?”

“राहू दे.”

मी स्कूटर कशी काढली ते विचारू नका. सदाशिव पेठेत पोचलो तेव्हा सकाळ सरून गेली होती. दार वहिनींनी उघडलं. नवी साडी होती.

“या भाऊजी. वाचायला सवड मिळाली वाटतं.”

“वहिनी, फोन तरी करायचात!”

“मी म्हटलं होतं. हे नको म्हणाले. त्याने वाचलंय, आता त्याची मर्जी, असं लिहून दिलं मला.” आणि त्या पानं घ्यायला आत गेल्या.

मित्र खिडकीपाशी बसला होता. वळला नाही. मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच प्रस्तावना सुचली नाही. हवेतच दोन बोटं दाबून दाखवली: कंट्रोल, एस.

मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ते उजाडलं. त्याने कपाळावर हात मारला, आणि हसायला लागला. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खोलीत जराही आवाज नव्हता. मग त्याने स्वयंपाकघराकडे बोट केलं.

मी घसा साफ केला. ही हाक मी वर्षानुवर्षं ऐकली होती, चहा हवा असला की तो बैठकीच्या खोलीतून देत असे. मी कपाट सरकवलं.

“ऐकतेस का?”

“आले हो,” आतून उत्तर आलं, सवयीनं. आणि मग भांड्यांचा आवाज थांबला.

वहिनी दारात आल्या. हात ओले होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या. तो खुर्चीतून उठला होता आणि त्याचं तोंड किंचित उघडं होतं, जणू आताच बोलून थांबलाय. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. टाळ्यांसाठी जन्मलेला माणूस मी. भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मला जागा करून द्यावीशी वाटली. मग हळूच पायऱ्या उतरून खाली रस्त्यावर जाऊन थांबलो, वहिनींनी वरून “मिसळ गार होतेय!” म्हणेपर्यंत.

संध्याकाळी कोथरूडच्या घरी कुलूप काढलं. दिवा लावला. कुकर तसाच ओट्यावर होता. आज दुसऱ्याचा आवाज काढून काढून माझा स्वतःचा कसा आहे ते बघावं म्हणून काहीतरी बोललो. घर रिकामं असलं की आपलाच आवाज जरा उशिरा ऐकू येतो.

खिडकीत ओळ आली.

“पोचलास?”

“पोचलो,” मी लिहिलं. अक्षरं उमटत होती.

“छान काढलास. एक चूक. ‘का’ मी इतका लांबवत नव्हतो.”

मी खूप मोठी ओळ लिहिली. ते सगळे दिवस कसे गेले ते लिहिलं, दोन कप चहाचं लिहिलं, आणि माझा आवाज कोण काढणार असंही काहीतरी लिहिलं. मग एकेक अक्षर खोडत मागे आलो. विंगेतल्या माणसाने सगळं पुसून घेतलं.

“पुढच्या वेळी आखूड काढतो,” एवढंच लिहून एंटर दाबलं.